घरासाठी परवडणारं आणि वेगळं चित्र कुठून घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर नवं, भिंत कोरी, आणि खिशात पाच-दहा हजार. मला येणारी बहुतेक पत्रं याच तीन गोष्टींपासून सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह आधीच सांगून टाकते: एवढ्या पैशांत हातानं केलेलं काम महाराष्ट्रात आणि गोव्यात नक्की मिळतं. म्हणून शक्य तिथे ते करणाऱ्याकडूनच घ्या. किमती मी अंदाजानं दिल्या आहेत. आकार आणि हात बदलला की त्या बदलतात.

१. चित्रं विकत घेणं श्रीमंतांचं काम. माझ्या पाच हजारांत काय येणार?

बरंच काही येतं. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचं लिनोकट किंवा वुडकट (लिनोलियम किंवा लाकूड कोरून छापलेलं चित्र), वहीच्या पानाएवढं जलरंगातलं निसर्गचित्र, लहान वारली चित्र, चित्रकथीचं एखादं पान, गंजिफाचे सुटे पत्ते (या दोन्हींबद्दल प्रश्न ६ मध्ये). कॅनव्हासवरचं तीन-चार फुटी तैलचित्र मात्र या पैशांत बसत नाही. कोणी ते देऊ करत असेल तर आधी प्रश्न ८ वाचा. लिलावाच्या बातम्यांतले कोटींचे आकडे मनातून काढून टाका, तो बाजारच वेगळा आहे. फ्रेमचे पैसे मात्र बाजूला ठेवा. लहान कामाला कित्येकदा चित्राइतकीच फ्रेम पडते.

२. मॉलमध्ये तयार फ्रेम मिळते, दिसतेही छान. मग एवढा खटाटोप कशाला?

तीच फ्रेम तुमच्या शेजाऱ्याकडे असते, दातांच्या दवाखान्यात असते आणि हॉटेलच्या खोलीतही असते. तीन तुकड्यांत कापलेला समुद्र किंवा बुद्धाचा चेहरा दोन-अडीच हजारांना घेतलात, तर त्याच पैशांत एखाद्या मुलीनं स्वतः कोरून स्वतः छापलेला ठसा आला असता. तिला पुढचा कागद आणि शाई घेता आली असती. मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

३. मुंबईत सुरुवात कुठून करू?

काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि दालनांतली प्रदर्शनं आठवड्याला बदलतात. चित्रकार बहुधा दालनातच बसलेला असतो. टेबलावर किमतींची यादी ठेवलेली असते, ती मोकळेपणानं मागा. चित्राखालच्या पट्टीवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय असं समजायचं. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडणारे कलाकारही बघा. किमती आवाक्यातल्या असतात आणि काहींचा हात फार चांगला असतो.

मग सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) वार्षिक प्रदर्शनाची तारीख शोधून ठेवा. ही संस्था १८५७ सालची, आणि तिचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे कमी पैशांत ताजं काम बघायची उत्तम जागा. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) यांची वार्षिक प्रदर्शनंही चुकवू नका. एकाच छताखाली शेकडो हात दिसतात, आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते कळायला तेवढं बघावंच लागतं. पहिल्या एक-दोन खेपांना काहीच घेऊ नका. घरी आल्यावर आठवडाभरानंही जे डोळ्यांसमोर राहतं, ते तुमचं.

४. आम्ही मुंबईत नाही. तालुक्याच्या गावी चित्रं कुठून मिळणार?

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि टिळक रस्त्यावरचं अभिनव कला महाविद्यालय, कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाचं कलादालन, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालयं. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शनही असतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो. मी आधी तो बघते.

तालुक्याच्या गावासाठी मात्र माझं उत्तर वेगळं आहे. तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील, तर त्या ज्यांनी करून घेतल्या ते चित्रकलेचे सर किंवा बाई आठवा. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक गावात असा एक चित्रकार आहे. तो शाळा सुटल्यावर नदीकाठी किंवा बाजारात बसून जलरंगात काम करतो, आणि त्याच्या घरी पोर्टफोलिओत चित्रांची चळत पडलेली असते. त्यांना कोणी विचारतच नाही. फोन करा, वेळ घेऊन जा, चित्रं बघायला मागा. तुमच्या गावची वेस, आठवडी बाजार, आता पाडलेला वाडा अशी चित्रं तिथे मिळतात, आणि ती जगात दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळणार नाहीत. बनारसचे घाट सगळेच रंगवतात. तुमच्या गावचा पार रंगवणारा एखादाच असतो.

५. वारली चित्र घ्यायचंय. खरं आणि बाजारू यात फरक कसा ओळखायचा?

वारली चित्रं म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार हा पालघर जिल्ह्याचा पट्टा. मूळ चित्र भिंतीवरचं: शेणानं सारवलेली किंवा गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरातलं चौकोनी भित्तिचित्र, सवाशिणी लिहितात, आणि त्या चौकात पालघट देवी असते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता ओळखायचं कसं? चित्र हातात घेऊन एकच माणूस निरखून बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले असतात, पण हातानं काढलेल्या चित्रात कंबर प्रत्येकाची निराळी: कोणी वाकलेला, कोणी ओझ्यानं मागे झुकलेला. काडीत रंग भरलेला असतो तिथे रेघ जाड सुरू होते आणि संपता संपता बारीक होते. शेणाचा हात दिलेल्या कापडावर पांढरा रंग किंचित उठून राहतो, बोटाला कळतो. छापील किंवा स्टेन्सिलनं केलेल्या कामात तारप्याभोवती (हे फुंकून वाजवायचं वाद्य) नाचणारे सगळे जण एकसारखे असतात आणि रेघ सगळीकडे सारखीच जाड.

शहरात वर्कशॉपमध्ये शिकून कोणी वारली पद्धतीनं ट्रे रंगवला तर त्यात गैर काही नाही, पण तो ‘वारली कलाकाराचं काम’ म्हणून विकू नये. चित्रकाराचं नाव आणि पाडा विचारा. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. बचत गटांच्या सरस प्रदर्शनात किंवा ट्राइब्ज इंडिया या आदिवासी वस्तूंच्या सरकारी दुकानातही चौकशी करता येते, पण डहाणूपर्यंत लोकल जाते. एक दिवस काढून थेट पाड्यावर गेलात तर चार चित्रं बघून एक निवडता येतं.

६. वारली आता सगळीकडे दिसतं. महाराष्ट्रातलंच, पण कमी दिसणारं काय आहे?

सिंधुदुर्ग गाठा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, त्या पानांची पोथी करायची आणि एकेक पान समोर धरून गाण्यातून कथा सांगायची, अशी ही परंपरा. बाजूनं काढलेले चेहरे, मोठाले डोळे, लढाईतली दाटी. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीत त्यांच्या कुटुंबाचं ठाकर आदिवासी कला आंगण आहे. तिथे जुनी चित्रं बघता येतात आणि नवीन विकतही मिळतात. दिवाणखान्यात एकच पान लावलं तरी पुरतं.

तिथून थोडं खाली सावंतवाडी. लाकडी खेळणी सगळेच आणतात, गंजिफा फार थोडे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवून लाख चढवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा. ही कला संपत आली असताना राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करताना दिसतात. मत्स्यावताराच्या पत्त्यावर नखाएवढ्या जागेत माशाचे खवले एकेक करून भरताना बघितलं की किंमत जास्त वाटत नाही. पूर्ण संच महाग पडतो. मी सांगीन, एकाच अवताराचे बारा पत्ते किंवा अगदी तीन-चार घ्या आणि खोल फ्रेममध्ये काचेला न टेकवता लावा.

७. गोव्याला चाललोय. तिथून काय आणावं?

अझुलेजो, म्हणजे हातानं रंगवून भाजलेल्या फरशा. पणजीत मिळतात. सुटी फरशी परवडते, आणि भाजलेली असल्यामुळे तिला पावसाळ्याची भीती नाही (प्रश्न १३ ची काळजी इथे लागत नाही). गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांचे प्रिंट सहज मिळतात. ते मुद्रितच असतात हे माहीत असू द्या, पण भिंतीवर बघताना मजा येते. वेळ असेल तर पणजीतच आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात प्रदर्शन लागलंय का विचारा.

८. ‘हँड-पेंटेड कॅनव्हास’ म्हणून ऑनलाइन घेतलं. खरंच हातानं रंगवलंय हे कसं कळणार?

कॅनव्हास खिडकीशी न्या आणि तिरका धरा. हातानं रंगवलेल्या चित्रात रंगाचा थर सारखा नसतो. आभाळात पातळ, फुलापाशी जाड. आता ब्रशचे फटकारे कुठे जातात ते बघा: पानावर पानाच्या दिशेनं, गालावर गालाच्या वळणानं. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल फिरवून खोटे फटकारे उठवतात. ते चित्राशी काही संबंध नसल्यासारखे आडवे-उभे जातात, एकच फटकारा झाडावरून निघून थेट पाण्यात उतरतो. मग मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन झूम करा. बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली की ती छपाई. शेवटी कडा आणि पाठ. चित्रकाराचा कॅनव्हास कडेला मळलेला, रंग ओघळलेला असतो, पाठीवर बहुधा नाव आणि साल असतं.

९. लिनोकटही छापलेलंच असतं ना? मग त्याला ओरिजिनल का म्हणता?

कारण त्याचं ‘मूळ चित्र’ दुसरीकडे कुठेही नसतं. चित्रकार लिनोलियम, लाकूड किंवा धातूचा पत्रा स्वतः कोरतो, शाई लावतो आणि मोजक्या प्रती काढतो. त्या प्रती हेच काम. खाली पेन्सिलनं ५/३० असं लिहिलेलं असेल तर तीस प्रतींतली ही पाचवी. ए.पी. म्हणजे कलाकारानं स्वतःसाठी राखलेली प्रत. पाचवी प्रत विसावीपेक्षा ‘भारी’ असते असं नाही. खर्च अनेक प्रतींत विभागला जातो, म्हणून मुद्राचित्रं स्वस्त पडतात. कमी पैशांत चांगल्या हाताचं काम हवं असेल, तर मी आधी तिकडेच पाठवते.

तैलचित्राचा फोटो काढून इंकजेट प्रिंटरवर छापलेली प्रत ही वेगळी गोष्ट. तिच्यावर सही आणि क्रमांक असला तरी ती प्रतिकृती आहे, आणि किंमत त्याच हिशेबानं द्यावी.

१०. भाव करावा का?

थेट कलाकाराकडून घेताना घासाघीस करू नका. खासगी गॅलरी किमतीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग कमिशन म्हणून ठेवते, त्यामुळे तिथे दोन चित्रं घेताना सवलत विचारणं वेगळं. चित्रकाराला मात्र सरळ सांगावं, ‘माझ्याकडे चार हजार आहेत, यात काय बघता येईल?’ तो लहान काम दाखवतो, स्केचबुकातलं पान काढून देतो किंवा हप्ते करून देतो. पावती मागा: नाव, माध्यम, आकार, साल आणि रक्कम. नोंदणीकृत गॅलरी चित्रांवर ५ टक्के जीएसटी लावते (सप्टेंबर २०२५ आधी १२ टक्के होता), तेव्हा सांगितलेली किंमत करासह आहे का ते विचारून घ्या.

११. इन्स्टाग्रामवर चित्रकार आवडला. न बघता घेऊ का?

घ्या, पण दिवसाउजेडी काढलेला साधा व्हिडिओ मागा. आकार इंचांत विचारा आणि तेवढा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला लावून बघा. मोबाइलवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. काच लावून पाठवायला सांगू नका. कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट मागवा आणि फ्रेम आपल्या गावात करा.

१२. फ्रेमवाल्याला नेमकं काय सांगायचं?

तीन गोष्टी. काच चित्राला टेकता कामा नये, म्हणून माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी हवीच. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री हवा, साध्या पुठ्ठ्यानं कागद पिवळा पडतो. आणि सेलोटेप कुठेही नको, चित्र वरच्या कडेला कागदी पट्टीनं अडकवायचं, चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. चित्राची कड कापू देऊ नका. मापात बसत नाही म्हणून सही कापलेली चित्रं मी पाहिली आहेत. मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची बाहेरची पट्टी, साधं घ्या. तैलरंग आणि ॲक्रिलिकच्या कॅनव्हासला काच लागत नाही.

१३. पावसाळ्यात चित्रावर बुरशी येते. काय करू?

कोकण आणि मुंबईतला हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर भिंतीपासून सुरू होतं. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरचं काम लावूच नका, खोल्यांमधली आतली भिंत निवडा. बाथरूमला लागून असलेली भिंतही टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. फ्रेमची पाठ कागदी टेपनं बंद असावी, कसर तिथूनच शिरते.

जून ते सप्टेंबरात अधूनमधून चित्र उतरवून पाठ बघा. काचेच्या आत पांढरे ठिपके दिसले तर फ्रेम उघडा, चित्र पंख्याखाली सावलीत पूर्ण सुकू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशनं बाल्कनीत उभं राहून हलकेच झाडा. ओलं फडकं लावू नका, कडक उन्हात ठेवू नका. शेणाचा हात दिलेल्या कापडावरचं वारली काम काचेमागेच ठेवावं.

१४. भाड्याचं घर आहे, मालक खिळे ठोकू देत नाहीत.

चित्र टांगलंच पाहिजे असं कुठे आहे? टेबलावर, पुस्तकांच्या कपाटावर, शू-रॅकवर भिंतीला टेकवून ठेवा. चिकटपट्ट्यांचे हूक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, पापुद्र्यासकट खाली येतात. खिळा चालत असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांच्या किंचित खाली ठेवा. आपल्याकडे चित्रं फार वर लावायची सवय आहे.

१५. वास्तूसाठी सात घोड्यांचं चित्र सांगितलंय. तेच घ्यावं का?

वास्तूचा सल्ला मी देत नाही. घोडे हवेच असतील, तर छापील पोस्टर घेण्याऐवजी एखाद्या चित्रकाराकडून काढून घ्या. शाईतले सात घोडे खूप देखणे होतात.

१६. फोटोवरून आजोबांचं व्यक्तिचित्र करून घ्यायचंय.

आधी त्या चित्रकारानं केलेली अनोळखी माणसांची व्यक्तिचित्रं बघा, फोटोंसकट. पेन्सिल आणि चारकोल तैलरंगापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आजोबांचा मोठा, स्पष्ट फोटो द्या, आणि त्यांची बसायची ढब किंवा टोपी घालायची पद्धत तोंडी सांगा. आगाऊ रक्कम, मुदत आणि दुरुस्ती किती वेळा, हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. चारकोलवर फिक्सेटिव्ह (भुकटी पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारलंय ना, ते विचारा.

१७. चित्र विकत घेतलं. आता त्याचा फोटो दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापता येईल?

चित्रकाराला विचारल्याशिवाय नाही. वस्तू तुमची झाली, कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. अपवाद प्रश्न १६ मधला: पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुमचा. तरीही चित्राखाली नाव त्याचंच द्या.

१८. चोर बाजारात ‘राजा रविवर्मा प्रेसचं’ जुनं चित्र मिळतंय. घेऊ का?

आवडलं तर घ्या, जुनं म्हणून नको. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या चित्रांच्या नव्या प्रती चहाच्या पाण्यात बुडवून, कडा जाळून ‘जुन्या’ केल्या जातात. भिंगातून बघा. जुनी चित्रं दगडावरून छापलेली; त्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, लहान-मोठे असतात, आधुनिक ऑफसेटमध्ये ते ठरावीक जाळीत बसलेले दिसतात.

१९. पुढे किंमत वाढेल असंच चित्र घ्यायचंय.

मग हे पान तुमच्या कामाचं नाही. दहा हजारांच्या आतल्या बहुतेक चित्रांना पुढे गिऱ्हाईक शोधावं लागतं. विकलंच, तर चित्रं प्राप्तिकर कायद्यात घरगुती वापराच्या वस्तूंच्या सवलतीत येत नाहीत, म्हणून नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजारांवर झाली, तर त्यात चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागायचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये आहे. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

२०. मी अमेरिकेत राहते. भारतातून घेतलेलं चित्र सोबत नेता येईल?

हयात चित्रकाराचं नवं काम नेता येतं. प्रश्न १० मधली पावती हातातल्या बॅगेत ठेवा. शंभर वर्षांहून जुनी चित्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे प्रश्न १८ मधलं चित्र तेवढं जुनं असेल तर तेही नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर आहेत, तीही जात नाहीत. काम नवं असूनही जुनं दिसत असेल, उदाहरणार्थ हातकागदावरची चित्रकथी, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला निघण्याच्या बऱ्याच आधी घ्या. गंजिफाला त्रास कमी. डब्यासकट सामानात बसतो.